बोललं की आकडा चुकतो

डॉक्टर मस्करेन्हस म्हणाले, गोळी लगेच नको.
पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, लिहून आणा.
मोजण्याआधी पाच मिनिटं
पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला,
कुणाशी बोलायचं नाही.
बोललं की आकडा चुकतो.

शर्वरीची कॉस्टिंगची अर्धी कोरी वही घेतली,
मागच्या पानापासून सुरुवात केली.
तिचे हिशेब पुढून, माझे मागून.

सोमवार, सकाळ. १५२, ९४.
पाणी पाऊणच तास आलं,
अप्पांनी कवळी पिठाच्या डब्यात ठेवली होती.

मंगळवार, संध्याकाळ. १४८, ९२.
शेजारचा रकाना मोकळा होता म्हणून लिहिलं:
पतपेढीत एक आजोबा ओरडले, पासबुक नीट छापलं नाही म्हणून.
मी हसले.
ते हसू अजून घशात आहे,
पेडव्याच्या काट्यासारखं.

बुधवारचं लिहीत नाही.
विश्राम (हो, नवऱ्याचं नाव विश्राम,
सत्तावीस वर्षांत तो विनोद झिजून गेलाय)
पुनर्विकासाच्या मीटिंगवरून अकराला आला
आणि बिल्डरचा राग
दारातल्या चपलांवर काढला.

पण ती पाच मिनिटं.
दंडाला पट्टा गुंडाळला की
अप्पा 'सूनबाई' म्हणता म्हणता थांबतात,
कुकरची तिसरी शिट्टी दुसरंच कुणीतरी मोजतं.
एका दिवशी बंद पंख्यावरची धूळ पाहिली,
एका दिवशी स्वतःचा श्वास:
वरच्या वर यायचा, वरच्या वर जायचा,
पाहुणा दारातूनच परत फिरावा तसा.
या म्हटलं, बसा जरा.
चौथ्या दिवशी बसला.

नवव्या रात्री शर्वरी आली.
इंटरचा दुसरा ग्रुप, दुसऱ्यांदा.
'माझं पण बघ ना.'
पट्टा तिच्या दंडावर घट्टच होईना.
एवढी कधी वाळली ही?
डबा तर रोज रिकामा येतो.

बसलो. पाठ टेकून, पाय जमिनीला.
खाली हायवेवर ट्रक गिअर बदलत होते.
तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली,
मी क्लासला जात नाही, आई.
सव्वा महिना झाला.
बस डेपोच्या बाकावर बसते.
डबा तिथल्या मांजरीला.

माझ्या तोंडाशी फी आली,
पतपेढीतूनच काढलेल्या कर्जाचा हप्ता आला,
पहिल्या फटक्यात पास झालेला
नणंदेचा मुलगा आला पेढे घेऊन.
पण पाठ टेकलेली होती,
पाय जमिनीला होते,
आणि बोललं की आकडा चुकतो.

मी बोलले नाही.
ती बोलत राहिली.
मशीन दोनदा वाट बघून बंद पडलं.
मग अप्पांच्या खोलीतून आवाज आला,
'वाजले किती?'
आणि आम्ही दोघी का कुणास ठाऊक
तोंडावर उशी धरून हसलो.
हे हसू कुठेच अडकलं नाही.

डॉक्टरांनी वही उलटी धरून वाचली.
आकडे वाचले, शेजारचंही वाचलं.
नवव्या रात्रीपाशी बोट थांबलं.
'हे राहिलं?'
नाही, म्हटलं. तेव्हा मोजत नव्हतो.

गोळी दिलीच, अर्धी, सकाळी चहानंतर.
आणि एका समुपदेशक बाईंचा नंबर चिठ्ठीवर, शर्वरीसाठी.
आठवडाभर ती चिठ्ठी फ्रिजवर होती
विजेच्या बिलाखाली.
काल बिल होतं, चिठ्ठी नव्हती.

विश्रामला सांगायचं आहे.
सांगू.
आज आला तेव्हा त्याने चपला
हाताने उचलून कोपऱ्यात ठेवल्या.

पंधरा दिवस कधीच संपले.
शर्वरी सोडून घरात अजून
कुणाला सांगितलेलं नाही.